खिशातला हात

६ नोव्हेंबर १९५५, रविवार

आज अप्पांना मी पुन्हा गप्प केलं.

लग्न होऊन या घरात आले ती गेल्या मे महिन्यात. सासऱ्याशी वाद घालणारी सून अख्ख्या दादरात दुसरी असेल असं वाटत नाही. पण ही सवय त्यांनीच लावली. संध्याकाळचा चहा झाला की गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसतात, टोपी मांडीवर ठेवतात आणि हाक मारतात, "मीनाक्षी, ये बाहेर. आज काय म्हणतोय तुझा संयुक्त महाराष्ट्र?" आतून सासूबाई म्हणतात, "पोळ्या व्हायच्यात अजून." अप्पा म्हणतात, "पोळ्या कुठे पळून जात नाहीत."

अप्पा, म्हणजे शामराव कर्णिक, आमच्या वॉर्डाच्या काँग्रेस कमिटीचे अध्यक्ष. बेचाळीस साली तुरुंगात जाऊन आलेले. मी इतिहासाची एम. ए., गिरगावातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका, आणि कॉलेजात असताना वादविवादाच्या ढाली घरी आणणारी. जगदीश (कागदावर नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाची हरकत नसावी) फोर्टात विमा कंपनीत आहे. आमचा वाद रंगला की तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

आजचा मुद्दा, मुंबई उभी राहिली कुणामुळे? अप्पा म्हणाले, ज्यांनी पैसा घातला त्यांचंही ऐकून घ्यावं लागेल. मी गिरण्या घेतल्या, गोदी घेतली, जनगणना घेतली. एकेक आकडा खिळ्यासारखा ठोकला. अप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं आहे. पण खऱ्यालासुद्धा माणसाच्या आत येऊन बसायला वेळ लागतो गं."

याला काय उत्तर म्हणायचं? मुद्दे संपले की माणसं सुभाषितं बोलतात.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज अप्पांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. घरात आम्ही दोघंच होतो. शेहेचाळीस साली वॉर्डाच्या सभेत संयुक्त महाराष्ट्राचा ठराव आला, तेव्हा पहिला हात त्यांनी वर केला होता! पुढे वरून निरोप येत गेले, आता नको, जरा थांबा, आणि ते थांबत गेले. "तो हात अजून जड वाटतो मला," म्हणाले. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. "हे मी जगदीशलासुद्धा सांगितलेलं नाही."

मला गंमत वाटली. एवढा मोठा पुरावा त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिला.

२० नोव्हेंबर, रविवार

चौपाटीवर काँग्रेसची सभा होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं व्यासपीठावरून बोललं गेलं त्यानं लोक खवळले; चपला काय, दगड काय. सभा मोडली. अप्पा चालत घरी आले. सदरा खांद्यावर फाटलेला, डोक्यावर टोपी नाही. सासूबाईंनी विचारलं, "लागलं का कुठं?" ते म्हणाले, "दगड नाही लागला."

मी म्हटलं, "अप्पा, लोकांना हे ऐकायचं नव्हतं, हे मी तुम्हाला आधीच सांगत होते." ते हातपाय धुवायला गेले. वाद नाही, काही नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

फ्लोरा फाउंटनला गोळीबार. जगदीशचं ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर. दुपारी बातमी आली तेव्हापासून मी दार उघडं ठेवून जिन्यात बसले होते. सासूबाई देवापुढे. अप्पा उभ्या उभ्या त्याला शोधायला निघाले, ट्राम बंद होती, टॅक्सी मिळेना. जगदीश संध्याकाळी पायी आला, त्याच्या शर्टावर दुसऱ्याचं रक्त. शेजारून पळणारा एक माणूस पडला, त्याला त्याने उचलून फुटपाथवर ठेवलं, एवढंच सांगितलं आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ पाणी ओतत राहिला.

अप्पा त्यानंतर आले. ते इस्पितळात गेले होते. तिथे काय पाहिलं ते बोलले नाहीत. जगदीशच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आलास ना. झालं."

आज मीही वाद केला नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार

अप्पा विचित्र वागताहेत. आज मला म्हणाले, "मीनाक्षी, तुझे ते आकडे लिहून दे बघू. मराठी माणसं किती, गिरण्यांत किती, गोदीत किती. नीट, अधिकृत."

माझे आकडे यांना कशाला हवेत? वाचनालयात पुढच्या महिन्यात 'मुंबई कुणाची?' असा परिसंवाद आहे. काँग्रेसतर्फे अप्पा बोलणार आहेत आणि महिला मंडळाने आमच्या बाजूने माझं नाव दिलं आहे. म्हणजे माझी हत्यारं आधी पाहून ठेवायची आणि त्यांवर उत्तरं तयार करायची. जुने मुरलेले आहेत!

मी आकडे दिले. गोदीचे मात्र दिले नाहीत. ते सगळ्यांत जोरदार आहेत. ते मी सभेसाठी ठेवले.

९ डिसेंबर, शुक्रवार

सीतारामभाऊ परब आले होते. करी रोडच्या चाळीत राहतात, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम आहेत. बेचाळीस साली अप्पांबरोबर एकाच बराकीत होते. तेव्हापासून अप्पा म्हणतील ती पूर्व. दोघं दार लोटून बोलत बसले. मी चहा घेऊन गेले तर एकदम गप्प. सीतारामभाऊंनी माझ्याकडे बघून हसू दाबलं आणि म्हणाले, "वैनी, तुमच्या सभेक आमी सगळे येतलंव हां. अख्खी कमिटी."

म्हणजे टाळ्या वाजवायला माणसं आणणार. ठीक आहे.

रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "परिसंवादात मला शेवटी बोलू दे. तू माझ्या आधी बोल. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवण्याची युक्ती कॉलेजातली पोरंसुद्धा करतात. पण शेवटी बोलणाऱ्यालाही हरवता येतं. त्याच्या आधी असं काही बोलायचं, की त्याच्यापाशी शब्दच उरू नये.

जगदीश झोपताना म्हणाला, "मीना, घरातलं घरात ठेव." मी विचारलं, घरातलं म्हणजे काय? तो म्हणाला, "मला काय माहीत. तुम्ही दोघं बोलता." आणि कुशीवर वळला. त्याला वादातलं काही कळत नाही.

१८ डिसेंबर, रविवार

जिंकले.

वाचनालयाचा हॉल खिडक्यांपर्यंत भरला होता. पुढच्या रांगांत अप्पांची वॉर्डातली माणसं बसली होती, सगळी धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखी, मधोमध सीतारामभाऊ. मी उठले तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्याचं जरा नवल वाटलं.

आधी आकडे दिले. गोदीच्या आकड्यांना मागची पोरं शिट्ट्या मारू लागली. मग थांबले. हॉल शांत होऊ दिला. आणि म्हटलं, "आता जे वक्ते बोलणार आहेत त्यांना मी एकच प्रश्न विचारते. शेहेचाळीस साली याच वॉर्डात संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाला पहिला हात तुम्ही वर केला होता. मला तुम्ही स्वतः सांगितलंत. मग शेहेचाळीस साली वर गेलेला हात पंचावन्न साली खिशात का?"

छप्पर उडेल असा आवाज झाला. "हात काढा! हात काढा!" सबंध हॉल पाय आपटत होता. पुढच्या रांगा तेवढ्या गप्प होत्या. मी खाली बसताना अप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या माणसांकडे बघत होते. सीतारामभाऊंनी मान खाली घातली होती.

सभेच्या अध्यक्षांनी अप्पांचं नाव पुकारलं. ते उठले. गलका थांबायची वाट पाहिली. तो थांबला नाही. उजवा हात त्यांनी थोडासा उचलला, लोकांना शांत करायला असेल, तसं मागून कुणीतरी ओरडलं, "बघा, निघाला, निघाला!" आणि हशा पिकला. अप्पांनी हात खाली घेतला. म्हणाले, "मी पक्षाचा शिपाई आहे. मला एवढंच सांगायचं आहे." आणि बसले.

बोलायला काहीच नव्हतं त्यांच्यापाशी! इतक्या वर्षांचा कार्यकर्ता, आणि एका वाक्याचा धनी.

बाहेर पोरींनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. घरी येताना अप्पा माझ्या पुढे चालत होते. मी म्हटलं, "अप्पा, रागावलात? सभेत तुम्ही माझे सासरे नव्हता." ते म्हणाले, "नाही गं. छान बोललीस. एक अक्षर खोटं नव्हतं."

खिलाडूपणा त्यांच्यात आहे, हे मानलं पाहिजे.

२८ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी हाक येत नाही. चहा आत मागवतात. गॅलरीत मी एकटीच बसते. मी दोनदा विषय काढला. "हो, बरोबर आहे," म्हणतात. भांडत नाहीत, रुसलेले नाहीत, ताटात काय वाढलं ते खातात. हरल्याचं इतकं मनाला लावून घ्यावं? मीही कॉलेजात हरले आहे.

सीतारामभाऊ आले. अप्पा घरी नव्हते. दारातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "वैनी, ह्यां काय केलांत तुम्ही?"

मी म्हटलं, "सभेत प्रश्न विचारला, भाऊ."

"प्रश्न?" त्यांनी मान हलवली. "आमी सगळे तयार होऊन इल्ले होतंव. अप्पांनी हात वर केल्यान की आमचे हात वर." पुढे काही बोलणार होते. पण सासूबाई आल्या, तसे नमस्कार करून जिना उतरले.

अप्पांनी हात वर केला की यांचे वर, म्हणजे मेंढरंच की! अशा माणसांच्या जिवावर पक्ष चालतात.

८ जानेवारी १९५६, रविवार

सकाळी अप्पांबरोबर शिवाजी पार्कला फेरी मारायला गेले होते. मुद्दाम गेले, वाटलं चालताना बोलतील. कठड्यावर बसलेल्या पोरांनी आम्हाला पाहिलं आणि एकाने आरोळी ठोकली, "कर्णिक, खिशातला हात काढा!"

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. आपलं वाक्य पार्कापर्यंत पोचलं. मग अप्पांकडे पाहिलं. थंडी होती, त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. ते त्यांनी हळूच बाहेर काढले आणि तसेच, मोकळे सोडून चालत राहिले. म्हातारा माणूस चालायला शिकतोय असं वाटत होतं.

आज मला झोप यायची नाही असं दिसतंय.

१६ जानेवारी, सोमवार

रेडिओवर पंतप्रधानांनी जाहीर केलं. मुंबई केंद्राकडे. शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं आमच्याकडे ऐकायला आली होती, ती उठून गेली. रस्त्यावरून आधी आवाजच नव्हता. मग एकदम सगळीकडून यायला लागला.

मी अप्पांना म्हटलं, "आता तरी? आता तरी राजीनामा द्याल की नाही?" ते आत गेले.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांनी आजवर आमच्या वादात कधी तोंड घातलेलं नाही. विळी पुढ्यात होती, हात तसाच थांबलेला. म्हणाल्या, "मीनाक्षी, त्या सभेला हे नवं धोतर नेसून गेले होते. बघितलंस का तू?"

"नाही."

"सभेला नवं धोतर नेसणारा माणूस आहे का हा? सकाळी उठून मला म्हणाले, राधा, आज मी सुटतो. देवाला नमस्कार केला. तीस वर्षांत निवडणुकीच्या दिवशीसुद्धा मी यांना देवापुढे बघितलं नव्हतं."

मला काही कळेना. म्हणजे कळत होतं, पण मी ते आत येऊ देत नव्हते. सासूबाई बोलत राहिल्या. सभेत सगळ्यांसमोर ते तो हात सांगणार होते. शेहेचाळीसचा. आपण चुकलो, थांबायला नको होतं, म्हणून सांगणार होते, आणि हात वर करून पक्षातून बाहेर पडणार होते. त्यांच्या मागोमाग अख्खी वॉर्ड कमिटी. सगळं ठरलं होतं. माझे आकडे त्यासाठीच हवे होते. गोदीचे मी दिले नाहीत, तर ते दुसरीकडून मिळवले.

"मग बोलले का नाहीत?" मी ओरडलेच. "मी विचारल्यावर तर उलट..."

"तू विचारलंस, लोक हसले. त्यानंतर हात वर केला असता तर तो यांचा राहिला असता का गं?"

त्यांनी भाजी चिरायला घेतली.

१७ जानेवारी, मंगळवार

गोळीबार चालू आहे. परळकडून आवाज येतात. जगदीशला कुणी बाहेर जाऊ देत नाही.

मी अप्पांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कसली? खोटं बोललीस का तू?" म्हटलं, मग आज राजीनामा द्या. आज दिलात तर त्याचा केवढा परिणाम होईल! मी त्यांना मुद्दे सांगितले, एकामागून एक, खूप चांगले मुद्दे होते. खाली रस्त्यावर पोरं ओरडत होती, माझंच वाक्य. एक दगड गॅलरीत येऊन पडला.

अप्पा म्हणाले, "सगळे मुद्दे बरोबर आहेत. पण आज दिला तर तो या दगडाला दिलेला राजीनामा होईल. मला तो या पोरांना द्यायचा नाही, यांच्या भल्यासाठी द्यायचा होता." मग माझ्याकडे पाहून जरा हसले. "तू अजून मला हरवतेच आहेस, मीनाक्षी."

मी तोंडावर हात ठेवला. खरोखरच ठेवला, लहान मुलीसारखा.

१९ जानेवारी, गुरुवार

सीतारामभाऊंना लागलं. काल चाळीतल्याच पोरांनी 'खिशातल्या हाताचा चमचा' म्हणून दगड मारला, डोळ्याच्या वर. निरोप घेऊन त्यांचा शेजारी आला. संचारबंदी दुपारी थोडा वेळ उठली तशी अप्पांनी टोपी घातली. सासूबाई म्हणाल्या, "आज टोपी नको." त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांच्या पाठोपाठ जिना उतरले. मला कुणी अडवलं नाही.

रस्ता ओळखू येत नव्हता. ट्रामच्या रुळांवर दगड, जळलेली लाकडं, दुकानांच्या फळ्या. परळला पोलिसांची गाडी उभी होती. शिपाई आमच्याकडे बघत होता आणि मी अप्पांच्या टोपीकडे. ही टोपी पोलिसांपासून वाचवील, आणि पुढच्या गल्लीत जीव घेईल. दोघांनाही ते माहीत होतं.

चाळीच्या तोंडाशी पंधरा-वीस पोरं होती. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि जिना अडवला. त्यांच्यातला बुधाजी नावाचा, गिरणीत कापडाच्या साच्यावर काम करणारा, पुढे आला. डोळे लाल. हातात लोखंडी कांब.

"कुठं चाललात, अध्यक्ष?"

"सीतारामला बघायला."

"आज आठवण झाली?" मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे, ही तीच! वाचनालयातली ताई!" सगळ्यांचे चेहरे बदलले. कुणीतरी टाळी वाजवली. बुधाजी मला म्हणाला, "ताई, बोला! ते पुन्हा बोला, यांच्या तोंडावर. आमच्यासमोर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय बोलले असते तर पोरं हलली असती, हे मला माहीत होतं. मला शंभर गोष्टी येत होत्या. सीतारामभाऊंनी भोगलेला तुरुंग, अप्पांनी भोगलेला, त्या परिसंवादात खरं काय होणार होतं. प्रत्येकीने बुधाजी खोटा ठरला असता. आणि त्याच्या हातातली कांब मी बघत होते. खोटा ठरलेला माणूस ती कुठे ठेवील?

मी म्हटलं, "ते वाक्य माझं नाही. यांचंच आहे. यांनी मला विश्वासाने सांगितलं, आणि मी यांच्या आधी जाऊन ते बोलून टाकलं." मी बुधाजीकडे वळले. "तुमचं कोण गेलं का, भाऊ?"

मागून एकजण म्हणाला, "धाकटा भाऊ हाय त्याचा इस्पितळात. पोटात गोळी."

"आम्हाला आधी वर जाऊन येऊ द्या," मी म्हटलं. "मग खाली येऊन तुमचं ऐकतो. जे काय बोलायचं ते बोला. मी उत्तर देणार नाही."

"आणि हे?"

अप्पा म्हणाले, "मीही नाही."

कांब बाजूला झाली, पूर्ण नाही, एक माणूस जाईल इतकी.

सीतारामभाऊ खाटेवर होते, अर्धा चेहरा बांधलेला. त्यांची बायको सुंदराबाई माझ्याशी बोलली नाही. अप्पांना मात्र तिने बसायला पाट दिला. सीतारामभाऊ म्हणाले, "अप्पा, डोळो ऱ्हवलो तर ऱ्हवलो." अप्पांनी त्यांचा हात हातात धरला आणि दोघं म्हातारे तसेच बसले. मी भिंतीशी उभी.

खाली आलो तेव्हा पोरं होतीच. बुधाजी बोलला. काय नाही बोलला! टोपीवरून, खुर्चीवरून, आईबापावरून. मग भावावर आला. भाऊ मोर्च्यात नव्हताच, नळावर हंडा भरायला गेला होता. तीनदा माझ्या जिभेवर उत्तर आलं, एकदा तर त्याची माहिती सरळ चुकीची होती. मी गिळलं. अप्पा उन्हात उभे राहून ऐकत होते, मान वर करून, त्याच्या डोळ्यांत बघत.

शेवटी बुधाजीचाच दम संपला. "आता बोला की काहीतरी!" तो जवळजवळ रडत ओरडला.

अप्पा म्हणाले, "तुझ्या भावाला बघायला येऊ का उद्या?"

मग बुधाजी म्हणाला, "टोपी काढून या."

"नाही. टोपी घालूनच येईन. ही घालून या गोळीबाराला काय म्हणायचं ते मला म्हणायचंय. काढल्यावर कोण ऐकणार माझं?"

मला वाटलं, आता संपलं. पण बुधाजी त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने कांब भिंतीला टेकवली. "दहाला सोडतात आत," म्हणाला.

परतताना अप्पा दमले होते. परळच्या नाक्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काही म्हणायला नाही, आधाराला.

१२ फेब्रुवारी, रविवार

पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाल्याला आठवडा होत आला. शहर शांत आहे. आमच्या खिडकीखाली आता कुणी ओरडत नाही. लोक अप्पांना विसरले आहेत. बुधाजीचा भाऊ वाचला. सीतारामभाऊंचा डोळा नाही वाचला.

आज वॉर्ड कमिटीची बैठक होती. अप्पा घरी आले आणि म्हणाले, "सोडून आलो."

मी विचारलं, "आणि बाकीचे?"

"सीताराम आला. बाकीचे बसून राहिले." ते शांतपणे सांगत होते. "डिसेंबरात आले असते, मीनाक्षी. सगळे आले असते. तेव्हा त्यांना वाटत होतं की आपण स्वतःहून निघालोय. त्यानंतर त्यांना दोन महिने लोकांनी गद्दार म्हटलं. गद्दार म्हटलेला माणूस हलत नाही, तो आहे तिथेच पाय रोवतो. आज त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगले मुद्दे होते, न येण्याचे."

मी जिंकले त्याचा हा हिशेब. त्यांनी तो मला ऐकवायला सांगितला नाही, मी विचारलं म्हणून सांगितला.

४ मार्च, रविवार

समितीने अप्पांना लालबागच्या सभेत बोलायला बोलावलं आहे. आज दुपारी मी आणि सासूबाई मेथी निवडत बसलो होतो. अप्पा स्वयंपाकघरात आले आणि आमच्यासमोर पाट घेऊन बसले.

"मीनाक्षी, माझी तयारी घे. मी समितीच्या बाजूने बोलतो. तू माझ्या जुन्या बाजूने बोल. मनापासून."

मी सुरुवात केली. त्या बाजूचे मुद्दे मला पाठच होते, इतकी वर्षं ते खोडत आले आहे! देशाचं ऐक्य, भांडवल, उद्योग, बहुभाषिक शहर. धडाधड सांगितले. अप्पा म्हणाले, "हे तर तू खोडण्यासाठी रचलेस. अशा काँग्रेसवाल्याला मी दोन मिनिटांत झोपवीन. लालबागला जो खरा येऊन बसेल, तो कुठाय यात?"

मी थांबले. मग विचारलं, "अप्पा, इतकी वर्षं तुम्ही का थांबलात?" हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. खिशात हात का, हे विचारलं होतं; पण ते उत्तरासाठी नव्हतं.

ते सांगत राहिले. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. सासूबाई मधून मधून दुरुस्त करत होत्या, "ते आधी नाही, निर्वासित आले त्यानंतर." मग अप्पा म्हणाले, "आता बोल."

मी उभी राहिले. पदर खोचला होता, हातांना मेथीचा वास. आणि म्हटलं, "मंडळी, मी भित्रा नाही आणि विकला गेलेलाही नाही. सत्तेचाळीस साली निर्वासितांच्या छावणीत मी पाणी वाटलंय. एका बाईला मी तिचं गाव विचारलं, तर तिला रडू फुटलं, कारण ते गाव आता दुसऱ्या देशात होतं. तेव्हापासून कुणी म्हटलं की हे आमचं आणि ते तुमचं, की मला ती बाई दिसते. तुम्ही म्हणाल, ही तुलना चुकीची आहे. असेल. मला चूक ठरवा. पण माझी भीती खोटी होती असं म्हणू नका, आणि ती घेऊन मला तुमच्यात कुठे बसता येईल तेवढं सांगा."

अप्पा चष्मा काढून हातात धरून बसले. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आता द्या उत्तर."

"याला उत्तर..." अप्पा म्हणाले, आणि थांबले. "याला गोदीचे आकडे चालायचे नाहीत." मग माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं? काय सांगायचं याला?"

मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मग बस," ते म्हणाले. "शोधू दोघं."

आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो. उत्तर अजून सापडलेलं नाही. सभा पुढच्या रविवारी आहे.